मॉडेल ट्रकला दिवे, विंच आणि आवाज: रिमोटवरून चालणारी जादा उपकरणं कशी जोडायची

हॉबीच्या रिमोट ट्रकमध्ये मुळात फार थोडं असतं. एक सर्व्हो, म्हणजे सांगितलेल्या कोनापर्यंत वळणारी छोटी मोटर, पुढची चाकं वळवतो आणि ईएससी, म्हणजे मोटरचा वेगनियंत्रक, ट्रक पुढे-मागे नेतो. काही ट्रकांत आणखी एखादी सोय मिळते. तामियाच्या १/१४ मापाच्या ट्रॅक्टर ट्रकांत तीन वेगांचा गिअरबॉक्स असतो, तो तिसऱ्या चॅनेलवरच्या, म्हणजे रिमोटच्या तिसऱ्या स्वतंत्र आज्ञेवर चालणाऱ्या, सर्व्होने बदलतो. ट्रॅक्सासच्या टीआरएक्स-४ मध्ये दोन्ही डिफरन्शियल लॉक (आसाची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरायला लावणारी कुलपं) रिमोटवरून लागतात. पण खरी हौस त्यापुढे सुरू होते. हेडलाइट लागावेत, वळताना इंडिकेटर लुकलुकावा, ब्रेक मारताच मागचे दिवे ठळक व्हावेत, रुतलेल्या ट्रकने स्वतःच्याच विंचने, म्हणजे दोरी गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने, बाहेर यावं, ट्रेलर हात न लावता सुटावा, हे सगळं हवंसं वाटतं.

हे सगळं घरी, साध्या हत्यारांनी जमतं. मात्र नव्या जोडण्या बिघडतात त्या बहुतेक वेळा एकाच ठिकाणी, विजेच्या पुरवठ्यात. सिग्नल चुकला तर उपकरण चालतच नाही, त्यामुळे चूक लगेच कळते. वीज कमी पडली तर टेबलावर सगळं छान चालतं आणि मैदानात चढावर ट्रक अचानक मुका होतो. म्हणून या लेखात विजेच्या हिशेबाला सर्वांत जास्त जागा दिली आहे. बाकी काही चाळून वाचलंत तरी चालेल, तो भाग मात्र नीट वाचा.

रिसीव्हर काय सांगतो

रिसीव्हर म्हणजे ट्रान्समीटरच्या, हातातल्या रिमोटच्या, आज्ञा घेणारा ट्रकमधला भाग. त्याच्या प्रत्येक चॅनेलला तीन पिना असतात: सिग्नल, धन आणि ऋण. वायरींचे रंग कंपनीगणिक बदलतात, पण लाल वायर मधे आणि ती धन, हे जवळजवळ सगळीकडे सारखं आहे. ऋण वायर काळी किंवा तपकिरी असते. सिग्नलची पांढरी, पिवळी किंवा नारिंगी असते.

सिग्नलच्या वायरवरून सेकंदाला साधारण ५० वेळा एक छोटा स्पंद येतो. तो १००० मायक्रोसेकंद लांब असेल तर स्टिक एका टोकाला आहे, २००० असेल तर दुसऱ्या टोकाला, आणि १५०० म्हणजे मधोमध. सर्व्हो हा स्पंद मोजतो आणि तेवढा वळतो. ईएससी तोच मोजून मोटरला वीज देतो. इलेक्ट्रॉनिक स्विचही तोच मोजतो आणि लांबी ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की दिवा लावतो. सर्व्होसारखा तीन वायरींचा प्लग असलेलं कोणतंही उपकरण कोणत्याही रिकाम्या चॅनेलवर चालतं ते यामुळेच.

नव्याने हात घालणारे इथे एक गोष्ट हमखास करून पाहतात: एलईडी थेट रिसीव्हरला जोडतात. धन आणि ऋण पिनेवर, अर्थातच रोधकासह (रेझिस्टर), जोडलेला एलईडी कायम पेटलेला राहतो, स्विचने बंद होत नाही. सिग्नलच्या पिनेवर जोडला तर तो मंद मिणमिणतो आणि सिग्नलही बिघडवतो. रिमोटवरून चालू-बंद करायचं तर मधे स्पंद वाचणारं काहीतरी हवंच.

कामांची यादी आणि चॅनेलचा मेळ

कागद घ्या आणि हवं ते सगळं लिहा. प्रत्येक कामापुढे दोन गोष्टी नोंदवा. पहिली, नियंत्रण कसं हवं: नुसतं चालू-बंद, तीन स्थितींचं, की हळूहळू कमीजास्त होणारं. दुसरी, ते ट्रक चालवताना लागतं की थांबल्यावर. दुसऱ्या नोंदीमुळे बरेच चॅनेल वाचतात. ट्रेलरचं कुलूप आणि टिपरचा हौदा थांबूनच चालवायचे असतात, त्यामुळे त्यांना ट्रान्समीटरवरची गैरसोयीची बटणं दिली तरी चालतं. हॉर्न आणि इंडिकेटर मात्र अंगठ्याखाली हवेत.

विंचला तीन स्थितींचा स्विच सर्वांत चांगला: मधे थांब, एका बाजूला गुंडाळ, दुसऱ्या बाजूला सोड. गिअरलाही तीन स्थिती. डिफरन्शियल लॉकला दोन पुरतात. हौद्याला फिरकी किंवा स्टिक द्या, म्हणजे तो सावकाश उचलता येतो.

यादी झाली की चॅनेल मोजा. कमी पडले तर मार्ग बरेच आहेत.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे आहेत तेच चॅनेल दुसऱ्यांदा वापरणं. दिव्यांचे नियंत्रक यासाठीच बनवलेले असतात. थ्रॉटल (वेगाची आज्ञा) आणि स्टिअरिंगच्या चॅनेलवर वाय-वायर, म्हणजे एका सिग्नलच्या दोन वाटा करणारी वायर, लावून तोच सिग्नल नियंत्रकाला द्यायचा. थ्रॉटल मधे आला की ब्रेकलाइट, मागे गेला की रिव्हर्सचा पांढरा दिवा, स्टिअरिंग बराच वेळ एका बाजूला राहिलं की त्या बाजूचा इंडिकेटर. नवा चॅनेल एकही न घालवता दिव्यांचं बहुतेक काम होतं. फक्त हेडलाइट लावण्या-विझवण्यासाठी एक चॅनेल राखून ठेवावा, कारण ते माणसाने ठरवावं असं मला वाटतं. वाय-वायर वापरताना नियंत्रकाकडे जाणारी लाल वायर लागते की नाही, हे त्याच्या माहितीपत्रकात बघा. नियंत्रकाला स्वतःची वीज मिळत असेल तर ती लाल वायर काढून ठेवायची.

दुसरा मार्ग मल्टिस्विचचा. ट्रान्समीटरवरची एक स्टिक किंवा बटण ठरावीक वेळा हलवलं की मल्टिस्विच ते मोजतो आणि त्या क्रमांकाचा आउटपुट चालू-बंद करतो. एका चॅनेलवर आठ-आठ कामं निघतात. यात वेळ लागतो आणि क्रम लक्षात ठेवावा लागतो, म्हणून केबिनमधला दिवा, छतावरचे स्पॉटलाइट, फिरता पिवळा दिवा अशा निवांत गोष्टींसाठीच तो वापरा. तामियाची एमएफसी-०१ आणि एमएफसी-०३ ही तयार युनिटंही थोड्या चॅनेलवरून बरीच कामं काढतात. चार चॅनेलच्या रेडिओवरून ती दिवे आणि इंजिनाचा आवाज चालवतात.

तिसरा मार्ग म्हणजे रेडिओच मोठा घेणं. सहा ते दहा चॅनेलचे स्टिकवाले ट्रान्समीटर विमानं उडवणाऱ्यांसाठी बनलेले असतात, पण जादा कामं असलेल्या ट्रकला ते पिस्तुलासारख्या ट्रान्समीटरपेक्षा जास्त सोयीचे पडतात, कारण त्यांवर बटणं आणि फिरक्या भरपूर असतात. घेताना रिसीव्हरकडेही बघा. फ्लायस्कायचा एफएस-आय६एक्स दहा चॅनेल पाठवू शकतो, पण आयए६बी रिसीव्हरवर सहाच चॅनेल वेगळ्या पिनांवर येतात. उरलेले आयबस नावाच्या एकाच डिजिटल वायरवरून निघतात. एसबस ही तशीच दुसरी पद्धत, तिच्यात एका वायरवरून १६ चॅनेल येतात. आयबस किंवा एसबस वाचणारा डिकोडर घेतला की हे चॅनेल पुन्हा साध्या पिनांवर मिळतात. डिकोडर घेण्याआधी तो कोणती भाषा वाचतो ते तपासा, कारण दोन्हींची रचना वेगळी आहे.

विजेचा हिशेब

ट्रकची बॅटरी बहुधा दोन सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर) असते: नाममात्र ७.४ व्होल्ट, पूर्ण चार्ज असताना ८.४. नाहीतर सहा सेलची निकेल बॅटरी, ७.२ व्होल्टची. रिसीव्हर आणि साधे सर्व्हो ५ ते ६ व्होल्टवर चालतात. बॅटरीचा दाब कमी करून त्यांना पुरवणारा भाग म्हणजे बीईसी, आणि तो सहसा ईएससीच्या पोटातच असतो. मूळ ट्रकला लागेल तेवढीच त्याची ताकद असते. साध्या ईएससीत १ ते ३ अँपिअर.

आता एका कल्पित ट्रकची बेरीज बघू. सर्व्होचा आकडा घेताना तो जाम झाल्यावर ओढतो तो प्रवाह धरायचा, मोकळा फिरतानाचा नाही.

- स्टिअरिंगचा ताकदवान सर्व्हो: २.५ अँपिअर
- गिअरचा साधा सर्व्हो: १ अँपिअर
- ट्रेलर सोडणारा ९ ग्रॅमचा छोटा सर्व्हो: ०.७ अँपिअर
- वीस एलईडी, प्रत्येकी १० मिलिअँपिअर: ०.२ अँपिअर
- आवाजाचं मॉड्यूल, पूर्ण आवाजात: १ अँपिअर

बेरीज ५.४ अँपिअर. सगळं एकाच क्षणी जाम होत नाही हे खरं. पण चाक दगडाला अडकलेलं असताना तुम्ही गिअर बदलता आणि त्याच वेळी इंजिनाचा आवाज चढतो, हे रोज घडतं. तेवढ्यानेच ४.५ अँपिअर होतात आणि ३ अँपिअरचा बीईसी मान टाकतो. रिसीव्हरचा दाब क्षणभर कोसळतो, तो बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि तेवढा वेळ ट्रक कोणाचंच ऐकत नाही. यादीतले आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या सर्व्होच्या पत्रकातले घ्या. आणखी एक गोष्ट पाहा: ज्या दिव्यांची सगळ्यांना धास्ती असते, त्यांचा वाटा सर्वांत लहान आहे. वीज खातात ते सर्व्हो.

बीईसी दोन प्रकारचे असतात आणि फरक महत्त्वाचा आहे. लिनिअर बीईसी जादा दाब उष्णतेत जाळतो. ८.४ व्होल्टवरून ५ व्होल्ट करताना १.५ अँपिअर वाहत असतील तर ३.४ गुणिले १.५, म्हणजे ५.१ वॉट उष्णता तयार होते. तीन सेलच्या भरलेल्या लिपोवर, १२.६ व्होल्टला, तीच ११.४ वॉट होते. बोटाच्या पेराएवढा तुकडा ती फार वेळ सोसत नाही. स्विचिंग बीईसी ही उष्णता फारशी करत नाही, म्हणून जादा उपकरणं लावायची तर वेगळा स्विचिंग बीईसी घ्या, ज्याला यूबीईसी म्हणतात. वरच्या ट्रकला सलग ५ अँपिअर देणारा पुरतो. क्षणिक कमाल क्षमतेचा आकडा मोठ्या अक्षरात छापलेला असतो, तुम्ही मात्र सलग क्षमतेचा बघा.

यूबीईसी जोडायचा क्रम असा:

१. बॅटरीच्या कनेक्टरपासून ईएससीकडे जाणाऱ्या जाड वायरींवर यूबीईसीच्या इनपुट वायरी समांतर सोल्डर करा. धनाला धन, ऋणाला ऋण. सांध्यावर हीट श्रिंक नळी चढवा.

२. ईएससीतून रिसीव्हरकडे येणाऱ्या प्लगमधली लाल वायर बाहेर काढा. प्लास्टिकची छोटी जीभ सुईने उचलली की पिन सरळ बाहेर येते. वायर कापू नका, टोकाला हीट श्रिंक लावून मागे बांधून ठेवा. दोन बीईसी एकाच रिसीव्हरला वीज द्यायला लागले तर ते एकमेकांशी झगडतात आणि एखादा जळू शकतो. काळी आणि सिग्नलची वायर जागेवरच राहते.

३. यूबीईसीचा आउटपुट रिसीव्हरच्या बॅटरीच्या किंवा कोणत्याही रिकाम्या जागी लावा. लावण्याआधी मल्टीमीटरने दाब मोजा. बऱ्याच यूबीईसींवर ५ आणि ६ व्होल्टची निवड असते. ६ व्होल्टवर सर्व्हो जोरकस चालतो, पण जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला ते चालतं का, हे आधी बघावं लागतं. एकालाही चालत नसेल तर ५ वर ठेवा.

४. रिसीव्हरच्या दुसऱ्या रिकाम्या जागी १००० मायक्रोफॅरडचा, किमान १० व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर धन-ऋण बघून लावा. क्षणिक झटके तो झेलतो. कमजोर बीईसीवरचा हा इलाज मात्र नाही.

मोठे खादाड यूबीईसीवर टाकूच नका. विंचची मोटर, टिपरचा ॲक्चुएटर (हौदा उचलणारा, मोटरवर पुढे-मागे सरकणारा दांडा) आणि मोठा ॲम्प्लिफायर यांना बॅटरीतून थेट वेगळी शाखा द्या आणि शाखेच्या तोंडाशी फ्यूज बसवा. फक्त सर्वांची ऋण वायर एकमेकांना जोडलेली असली पाहिजे, नाहीतर सिग्नल वाचायला समान आधारच उरत नाही आणि उपकरण वेड्यासारखं वागतं.

लिपो वापरणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. बॅटरी उतरली की ईएससी मोटर थांबवतो, पण बाहेरच्या यूबीईसीला त्याचं काहीच माहीत नसतं. दिवे आणि आवाज चालूच राहतात, आणि ट्रक तसाच ठेवून दिला तर सेल ३ व्होल्टच्याही खाली जाऊन कायमचे खराब होतात. बॅटरीच्या बॅलन्स प्लगवर (प्रत्येक सेलच्या बारीक वायरींचा प्लग) लावायचा छोटा लिपो अलार्म बसवा आणि खेळ संपला की बॅटरी काढूनच ठेवा.

दिवे

एलईडीला दाबापेक्षा प्रवाहाची मर्यादा लागते, म्हणून प्रत्येकाला रोधक हवा. सूत्र सोपं आहे: पुरवठ्याच्या दाबातून एलईडीचा दाब वजा करा आणि हव्या त्या प्रवाहाने भागा. लाल आणि पिवळ्या एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात, पांढऱ्या आणि निळ्यावर ३ ते ३.२. ३ आणि ५ मिलिमीटरच्या साध्या एलईडीची मर्यादा २० मिलिअँपिअरच्या आसपास असते.

५ व्होल्टवर पांढऱ्या एलईडीतून १० मिलिअँपिअर हवे असतील तर १.८ भागिले ०.०१, म्हणजे १८० ओहम. लाल एलईडीला तेवढ्याच प्रवाहासाठी ३०० ओहम येतात, बाजारात मिळणारा ३३० चा घ्या. माझ्या मते हेडलाइट आणि ब्रेकलाइट सोडले तर १० मिलिअँपिअरपलीकडे जाऊच नये. बाजूचे मार्कर दिवे ३ ते ५ वरच खरे वाटतात. सगळेच दिवे पूर्ण तेजात लावलेला ट्रक खेळण्यासारखा दिसतो.

दोन-तीन एलईडी एकाच रोधकावर समांतर टाकू नका. प्रत्येकाचा दाब किंचित वेगळा असतो, त्यामुळे एक जास्त प्रवाह ओढतो आणि बाकीचे मंद राहतात. एलईडीचा लांब पाय धन असतो. पाय कापलेले असतील तर कडेला सपाट असलेली बाजू ऋण धरा.

मागच्या एकाच लाल दिव्याकडून टेललाइट आणि ब्रेकलाइट दोन्ही काढता येतात. एलईडीचा धन पाय ५ व्होल्टला जोडा. ऋण पायापासून दोन रोधक दोन वेगळ्या आउटपुटला न्या: टेलसाठी १ किलोओहम, ब्रेकसाठी १८० ओहम. टेल लागला की ३ मिलिअँपिअर वाहतात, ब्रेक लागला की आणखी १७ मिळून एकूण २०. फरक डोळ्यांना स्पष्ट दिसतो. यासाठी नियंत्रकाचे आउटपुट ऋण बाजू जोडणारे असावे लागतात, आणि बहुतेकांचे तसेच असतात.

तयार नियंत्रकाऐवजी अर्डुइनो नॅनो या छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डावर स्वतः लिहायचं असेल तर तेही फार अवघड नाही. पल्सइन या फंक्शनने स्पंदाची लांबी मिळते. दोन गोष्टी पाळा. त्याची मूळ प्रतीक्षा एक पूर्ण सेकंदाची असते, ती ३०,००० मायक्रोसेकंदांवर आणा, नाहीतर सिग्नल तुटल्यावर सगळे दिवे गोठतात. आणि चालू करण्याची मर्यादा १७०० तर बंद करण्याची १३०० ठेवा. दोन्ही एकच ठेवल्या तर सीमेवर दिवा फडफडतो. नॅनोच्या एका पिनेवर २० मिलिअँपिअरपेक्षा जास्त भार घालू नये, म्हणून मधे ट्रान्झिस्टर घ्या. पाच-सहा एलईडीच्या गटाला बीसी५४७ पुरतो, त्याची मर्यादा १०० मिलिअँपिअर आहे. आठ गट एकत्र चालवायला यूएलएन२८०३ ही चिप सुटसुटीत पडते. तिच्यात १ व्होल्टच्या आसपास दाब पडतो, तो सूत्रात वजा करायला विसरू नका. पांढऱ्या एलईडीसाठी मग ०.८ व्होल्टच उरतो आणि १० मिलिअँपिअरला ८२ ओहम पुरतात.

इंडिकेटरचा वेग खऱ्या वाहनांत मिनिटाला ६० ते १२० वेळा असतो. ९० धरा, नजरेला तोच ओळखीचा वाटतो.

हलणारे भाग

ट्रेलरचं कुलूप, गिअर किंवा डिफरन्शियल लॉक यांना सर्व्हो लावताना आधी हॉर्न, म्हणजे सर्व्होच्या फिरत्या टोकावर बसणारा हात, न बसवता सर्व्होला वीज द्या, चॅनेल मधोमध आणा, मग हॉर्न बसवा. त्यानंतर ट्रान्समीटरवर एंड पॉइंट (सर्व्हो दोन्ही बाजूंना किती वळेल त्याची मर्यादा) खूप कमी करून सुरुवात करा आणि थोडे थोडे वाढवत कुलूप पूर्ण लागेपर्यंतच न्या. शेवटच्या स्थितीत सर्व्हो गुणगुणत राहिला तर तो भिंतीला ढकलतो आहे. प्रवाह वाया जातो आणि दात झिजतात. एखादं पाऊल मागे घ्या. गिअरच्या दांड्यावर स्प्रिंगची जोडणी असली तर दात जुळेपर्यंत ती ताण धरून ठेवते आणि सर्व्हो वाचतो.

विंच दोन तऱ्हेच्या असतात. लहान विंचच्या आत अखंड फिरणारा सर्व्हो असतो, ती थेट चॅनेलवर लागते, पण तिची वीज यूबीईसीच्या बेरजेत धरा. मोठ्या विंचला मोटर असते आणि तिला स्वतःचा ईएससी किंवा विंच नियंत्रक लागतो. ईएससी वापरलात तर त्याचीही लाल वायर काढायची. शिवाय तो पुढून मागे लगेच जाणारा हवा. आधी ब्रेक आणि दुसऱ्यांदा दाबल्यावर रिव्हर्स अशा पद्धतीचा ईएससी तीन स्थितींच्या स्विचवर फसतो. क्रॉलर मोड असेल तर तो निवडा. दोरी ड्रमवर जितके थर घेते तितकी ओढ कमी होते, कारण त्रिज्या वाढते. म्हणून हवी त्याहून फार लांब दोरी भरू नका.

टिपरच्या हौद्याला लिनिअर ॲक्चुएटर चांगला. दोन्ही टोकांना थांबवणारे लिमिट स्विच आत असलेलाच घ्या. नसतील तर बाहेर दोन लावा आणि प्रत्येकाला समांतर डायोड द्या, म्हणजे टोकाला पोचून वीज तुटली तरी उलट दिशेला निघता येतं.

प्रत्येक नव्या ब्रश मोटरला ०.१ मायक्रोफॅरडचे तीन सिरॅमिक कपॅसिटर लावा: एक दोन टर्मिनलांमधे, बाकीचे दोन प्रत्येक टर्मिनल आणि मोटरचं कवच यांच्यामधे. ब्रशच्या ठिणग्यांचा गोंगाट मुळातच दबतो.

आवाज

मॉड्यूल थ्रॉटलच्या सिग्नलवर वाय-वायरने बसतं आणि त्यानुसार इंजिनाचा आवाज चढवतं-उतरवतं. जोडणीत वेगळं काही नाही. फरक पडतो तो स्पीकरच्या पेटीने. उघडा स्पीकर चिरका वाजतो, कारण त्याच्या मागची हवा पुढच्या हवेला मारते. मागची बाजू हवाबंद पेटीत बसवली की तोच स्पीकर खोल वाजतो. केबिनच्या मागची झोपण्याची जागा किंवा इंधनाच्या टाकीचं कवच यासाठी उत्तम.

ट्रेलरपर्यंत वायर

दिव्यांना समान धन वायर असेल तर ट्रेलरला टेल, ब्रेक, डावा, उजवा आणि रिव्हर्स असे पाच आउटपुट मिळून सहा पिनांचा कनेक्टर पुरतो. ऊसासारख्या ताठ वायरी वळताना ट्रेलरला ढकलतात, म्हणून सिलिकॉनचं आवरण असलेली बारीक वायर घ्या आणि पूर्ण वळणावर ताण पडणार नाही एवढी सैल ठेवा. पिनांची मांडणी अशी करा की कनेक्टर उलटा बसूच नये. केबिनची बॉडी आणि चॅसिस यांच्यामधेही असाच एक कनेक्टर हवा, नाहीतर प्रत्येक दुरुस्तीला वायरी कापाव्या लागतात.

रिसीव्हरची अँटेना मोटर, ईएससी आणि जाड वायरींपासून लांब ठेवा. २.४ गिगाहर्ट्झच्या अँटेनाचं टोकाकडचं साधारण ३१ मिलिमीटर उघडं अंतर हाच तिचा काम करणारा भाग असतो. तो कापू नका, मुडपू नका, धातूच्या पत्र्यामागे लपवू नका. दोन अँटेना असतील तर एकमेकींशी काटकोनात बसवा.

तपासणी

एका वेळी एकच उपकरण जोडा आणि चालवून बघा, मग पुढचं. सगळं एकदम जोडलं तर बिघाड कोणाचा हे शोधण्यात संध्याकाळ जाते. चाकं अधांतरी राहतील असा ट्रक ठोकळ्यावर ठेवा. आधी ट्रान्समीटर चालू करा, मग ट्रक.

मग फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटल्यावर रिसीव्हर काय करतो ते. ट्रान्समीटर मुद्दाम बंद करा आणि बघा: मोटर थांबली पाहिजे, विंच थांबली पाहिजे, हौदा आहे तिथेच राहिला पाहिजे. काही रिसीव्हर प्रत्येक चॅनेलची शेवटची स्थिती धरून ठेवतात, आणि त्या क्षणी विंच गुंडाळत असेल तर ती गुंडाळतच राहते. थ्रॉटल आणि विंच दोन्हींचा फेलसेफ मधोमध ठरवून द्या.

त्यानंतर भाराची चाचणी. मल्टीमीटर रिसीव्हरच्या रिकाम्या जागी धन-ऋणावर धरा, सगळे दिवे लावा, आवाज पूर्ण करा, चाक हाताने धरून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना मारा आणि गिअर बदला. ५ व्होल्टचा पुरवठा ४.८ च्या आसपास राहिला तर उत्तम. ४.५ च्या खाली जात असेल तर यूबीईसी लहान आहे किंवा कुठला तरी सांधा कच्चा आहे. मीटर क्षणिक खड्डे दाखवत नाही, म्हणून ही मर्यादा मुद्दाम कडक ठेवली आहे.

मैदानात काही बिघडलं तर लक्षणावरून माग काढा. ट्रक क्षणभर मरून पुन्हा जिवंत होत असेल तर पुरवठा बघा. मोटर चालू असतानाच सर्व्हो थरथरत असेल तर मोटरवरचे कपॅसिटर आणि अँटेनाची जागा तपासा. ट्रक लांब गेल्यावरच नियंत्रण सुटत असेल तर अँटेना धातूमागे गेली आहे. इंडिकेटरच्या प्रत्येक लुकलुकीला सर्व्हो किंचित हलत असेल तर दिव्यांचा आणि रिसीव्हरचा परतीचा प्रवाह एकाच बारीक ऋण वायरवरून जातो आहे. दिव्यांची ऋण वायर तिथून सोडवा आणि वेगळी, जरा जाड वायर सरळ यूबीईसीच्या ऋण टोकापर्यंत न्या.